इथ्रोच्या सल्ल्याने मोशेचं ओझं खरंच उतरलं का?

(चर्चेचा धागा. ‘जुनी पोथी’, ‘टाचण’ आणि ‘रेवदंड्याची वाट’ ही लिहिणाऱ्यांची टोपणनावं.)

जुनी पोथी

नेतृत्वावरचं प्रवचन असलं की बायबलमधल्या ‘निर्गम’ या पुस्तकाचा १८वा अध्याय हमखास निघतो. इस्रायली लोकांना मिसरातून (इजिप्तमधून) बाहेर काढणारा मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत न्यायनिवाडा करत बसलाय, लोक ताटकळत उभे आहेत. मिद्यानाहून आलेला सासरा इथ्रो हे बघतो आणि म्हणतो, हे बरं नाही, अशाने तूही झिजशील आणि हे लोकही. मग हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर आणि दहांवर नायक नेमायचे, लहान तंटे त्यांनी मिटवायचे, अवघड तेवढे मोशेकडे. प्रवचन इथे थांबतं आणि सगळे समाधानाने घरी जातात.

पुढची पानं उलटली की माझं समाधान टिकत नाही. ६ लाख पुरुषांचा हिशेब धरला तर दहांवरचे ६०,०००, पन्नासांवरचे १२,०००, शंभरांवरचे ६,००० आणि हजारांवरचे ६०० नायक लागतात. एकूण ७८,६००. तालमूद या ज्यू धर्मग्रंथाच्या सन्हेद्रिन भागातही नेमका हाच आकडा आहे. एवढी माणसं नेमूनही मोशे ४० दिवस सीनाय डोंगरावर गेला तेव्हा खाली लोकांनी पुजायला सोन्याचं वासरू उभं केलं. मागे जबाबदारी होती मोशेचा भाऊ अहरोन आणि हूर या दोघांवर. ७८,६०० पैकी एकाने लोकांना अडवल्याची नोंद नाही. आणि ‘गणना’ या पुढच्या पुस्तकाच्या ११व्या अध्यायात हाच मोशे देवाला म्हणतो, हे लोक मला एकट्याला वाहवत नाहीत, यापेक्षा मला मारून टाक.

माझं मत स्पष्ट आहे. सल्ला गाजला खूप, पण मोशेच्या खऱ्या ओझ्याला त्याचा हात लागला नाही.

टाचण

पूर्ण असहमत. तुम्ही औषध एका दुखण्याचं घेताय आणि दुसरं दुखणं बरं झालं नाही म्हणून वैद्याला दोष देताय.

इथ्रोने रांग बघितली आणि रांगेवर उपाय सांगितला. तो काय क्रमाने बोलला ते बघा. आधी, देवापुढे लोकांची बाजू तू मांड. मग, विधी आणि नियम लोकांना शिकव. नायक निवडण्याची गोष्ट त्यानंतर. हा क्रम उलटा झाला की घोटाळा होतो, कारण नियमच ठाऊक नसलेला नायक एकतर मनाला येईल तसा निवाडा देतो, नाहीतर प्रत्येक तंटा वर पाठवतो आणि रांग पुन्हा होती तिथेच.

आता निर्गमाचा २१ आणि २२वा अध्याय या नजरेने वाचा. एकाच्या बैलाने दुसऱ्याचा बैल मारला: जिवंत बैल विकून पैसे अर्धे-अर्धे, मेलेलाही अर्धा-अर्धा. बैल मारका आहे हे आधीपासून माहीत असूनही मालकाने आवरला नाही: बैलाबद्दल बैल द्यायचा, मेलेला स्वतः ठेवायचा. चोरलेला बैल कापला किंवा विकला तर पाच, मेंढरू असेल तर चार. जनावर जिवंत सापडलं तर दुप्पट. दहांवरचा नायक यातलं काहीही तंबूच्या दारात बसून मिटवू शकतो. बैल आधीपासून मारका होता का, एवढं शेजाऱ्याला विचारायचं. त्यासाठी मोशे कशाला हवा?

जुनी पोथी

नियमांचा मुद्दा मान्य, तो माझ्याकडून सुटला होता. पण मग श्रेय नियमांना द्या. उतरंडीला कशाला?

टाचण

कारण नुसत्या नियमांनी अवघड तंटा वर जात नाही, त्याला वर जायचा रस्ता हवा. सलाफहादाच्या पाच मुलींचं उदाहरण घ्या, गणना २७. बाप मेला, भाऊ नाही, बापाचा वाटा आम्हाला द्या, असं त्या मोशे, याजक आणि सरदारांसमोर उभ्या राहून म्हणतात. नियमात याचं उत्तर नव्हतं. मोशेने अंदाजाने निकाल दिला नाही, प्रश्न देवापुढे नेला आणि मुलींच्या बाजूचा निर्णय आणला. पुढे ३६व्या अध्यायात त्याच वंशाचे वडील अडचण घेऊन येतात: या मुली दुसऱ्या वंशात गेल्या तर जमीनही जाईल. तेव्हा आपल्याच वंशात लग्न करण्याची अट जोडली गेली. म्हणजे खालून प्रश्न येतो, निर्णय होतो, त्यातली उणीव खालूनच कळते आणि दुरुस्ती होते. ही वाट १८व्या अध्यायातल्या ‘अवघड ते तुझ्याकडे’ या एका वाक्याची आहे. मोशेच्या कारभारातला हा भाग मला सगळ्यात मोलाचा वाटतो, आणि प्रवचनात तोच कधी ऐकू येत नाही.

रेवदंड्याची वाट

दोघांनीही एक गाठ सोडवलेली नाही. १८वा अध्याय पुस्तकात दहा आज्ञांच्या आधी येतो, पण इथ्रो नक्की कधी आला यावर जुन्या रब्बींमध्येच (ज्यू धर्मगुरूंमध्येच) मतभेद आहेत, आणि मध्ययुगीन भाष्यकार इब्न एझ्राने ही भेट मिसर सोडल्यानंतरच्या दुसऱ्या वर्षात धरली आहे. ‘अनुवाद’ या बायबलच्या पाचव्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायातही नायकांची नेमणूक होरेब (म्हणजे सीनाय) सोडण्याच्या बोलण्याला लागून येते. तसं धरलं तर वासराच्या वेळी नायक अजून नेमलेच नव्हते, आणि जुनी पोथी यांचा पहिला पुरावा गळतो.

अनुवादात मोशे ही हकिकत सांगताना इथ्रोचं नावही घेत नाही. ‘तुम्हीच शहाणे, समंजस, माहितीतले पुरुष निवडून द्या’ असं तो लोकांना म्हणाला. निर्गमात मात्र निवड मोशेची स्वतःची. वरून नेमलेला नायक आणि खालून आलेला नायक यांचं वजन सारखं नसतं.

आणखी एक बारीक गोष्ट. इथ्रोने चार गुण मागितले होते: कर्तबगार, देवभीरू, सत्यनिष्ठ, लाचेचा तिटकारा असलेले. मोशेने नेमले तेव्हा शब्द एकच उरतो, कर्तबगार. चारही गुणांची माणसं पुरेशी मिळाली नाहीत, असा अर्थ जुन्या भाष्यांत काढलेला आहे. तुमच्या ७८,६०० च्या आकड्याची खरी अडचण इथे आहे. इतकी लाच न घेणारी माणसं आणायची कुठून?

(मोशेच्या नावाबद्दल थोडं अवांतर. पेसाह या ज्यू सणाच्या रात्री वाचतात त्या हग्गादा पोथीत मिसरातून सुटकेची सगळी कथा आहे, पण मोशेचं नाव जेमतेम येतं. आपल्याकडच्या बेने इस्रायलांसाठी (मराठी बोलणाऱ्या ज्यूंसाठी) मराठी भाषांतरासह हग्गादा मुंबईत १८४६ मध्ये छापली गेली, तिच्या वाचकांनाही सुटकेचं श्रेय देवाकडेच जाताना दिसलं असणार.)

जुनी पोथी

वासराचा पुरावा मागे घेतो. पण गणना ११ तर नायकांच्या नंतरचीच आहे ना? तिथे तंटा कुठलाच नाही. लोक मान्नाला, म्हणजे वाळवंटात देवाकडून मिळणाऱ्या अन्नाला, कंटाळलेत. मिसरातले मासे, काकड्या, खरबुजं, कांदे, लसूण आठवून आपापल्या तंबूच्या दारात रडतायत. दहांवरच्या नायकाकडे या रडण्यावर कुठला नियम होता? बहुधा तोही रडत होता. मोशे विचारतो, मी यांना जन्म दिला का, की दाईने तान्हं न्यावं तसं यांना उराशी धरून नेऊ? माझा धागा या ओझ्याबद्दल आहे, आणि इथ्रोने ते पाहिलंच नव्हतं.

टाचण

हे मानतो. पण त्या ओझ्यावरचा उपायही वाटणीचाच निघाला. फक्त या वेळी काम वाटलं नाही. ‘वडील आणि अंमलदार म्हणून तुला ठाऊक आहेत’ असे ७० जण आणायचे आणि मोशेवरच्या आत्म्यातला वाटा त्यांना द्यायचा. मिसरात विटांचा भरणा कमी पडला म्हणून लोकांच्या वतीने मार खाणारे अंमलदार तेच हे, असं राशी हा मध्ययुगीन ज्यू भाष्यकार म्हणतो. निवडीची ही कसोटी १८व्या अध्यायातल्या चारही गुणांपेक्षा मला पक्की वाटते.

आणि त्या ७० जणांच्या यादीतले एलदाद-मेदाद विसरू नका. बोलावलेल्या जागी न जाता दोघे छावणीतच संदेश देऊ लागले. मोशेचा सेवक यहोशवा म्हणाला, यांना मना करा. मोशेचं उत्तर: माझ्यासाठी तू का जळतोस, परमेश्वराचे सगळेच लोक संदेष्टे असते तर किती बरं झालं असतं! आपला अधिकार वाटला जाताना ज्याला असं वाटतं, त्याला वाटणी जमली नाही हे मला पटत नाही.

रेवदंड्याची वाट

मग लगेच गणनेच्या १३व्या अध्यायात का बिघडलं? वंशागणिक एक असे १२ सरदार ४० दिवस कनान, म्हणजे देवाने देऊ केलेला देश, पाहून आले आणि अहवाल सगळ्या मंडळीसमोर उघड्यावर दिला. दहा जण घाबरवणारे, कालेब आणि यहोशवा दोघेच धीराचे. त्या रात्री सगळी छावणी रडली आणि पुढची ४० वर्षं वाळवंटात गेली. त्या बारांत असलेल्या यहोशवाने पुढे यरीहो शहर घेण्याच्या वेळी काय केलं? दोनच हेर पाठवले, गुपचूप, आणि अहवाल फक्त स्वतःला. मोशेने अधिकार वाटला आणि बातमीही वाटली. यहोशवाने बातमी आपल्याजवळ ठेवली.

जुनी पोथी

पण यहोशवाने आपल्यामागे कोणाला उभं केलं? मोशेने ‘हे लोक मेंढपाळावाचून मेंढरांसारखे होऊ नयेत’ म्हणून स्वतः वारस मागितला. मुलगे गेर्षोम आणि एलियेजर होते, त्यांचं नाव काढलं नाही. देवाने यहोशवावर ‘हात ठेव’ म्हटलं, मोशेने दोन्ही हात ठेवले, तेही सगळ्यांसमोर. यहोशवाने शेवटी शखेमला लोकांकडून करार करून घेतला, वारस मात्र नेमला नाही, आणि पुढचं शास्त्यांचं पुस्तक ‘ज्याला जे बरं दिसेल ते तो करी’ यावर संपतं. बातमीच्या बाबतीत तुमचं खरं आहे. वारसाच्या बाबतीत मी मोशेच्याच बाजूने.