एबीआयएमचे १०० पॉइंट: डिसेंबरपर्यंत ३८ कमी पडतायत, कुठून भरायचे?

ओहायोकर
एबीआयएमचं (अमेरिकेतलं इंटर्नल मेडिसिनचं बोर्ड) सर्टिफिकेट आहे, एलकेए (मोठ्या परीक्षेऐवजी दर क्वार्टरला थोडे थोडे ऑनलाइन प्रश्न) चालू आहे. सर्टिफिकेट चालू ठेवायला लागणाऱ्या १०० पॉइंटची पाच वर्षांची मुदत येत्या ३१ डिसेंबरला संपते आणि पोर्टलवर ६२ च दिसतायत. लायसन्ससाठीचे सीएमई (डॉक्टरांच्या पुढच्या शिक्षणाचे तास) तर भरपूर झालेत, मग ते यात का धरले नाहीत? आणि एलकेए देणाऱ्यालाही पॉइंट वेगळे गोळा करावे लागतात का? कॉन्फरन्सला जाणं जमणार नाही. नाइट ड्यूट्या सांभाळून होईल असा मार्ग सांगा.

किडनीवाला
आधी एलकेएचा हिशोब बघा. दर क्वार्टरला ३० प्रश्न, पाच वर्षांत ६००. बरोबर उत्तराला ०.२ पॉइंट, चुकलेल्याला शून्य. सगळे सोडवून ७० टक्के बरोबर आले तरी पाच वर्षांचे ८४ च होतात. म्हणजे फक्त एलकेएच्या भरवशावर बहुतेकांचे १०० होत नाहीत. शिवाय पॉइंटची पाच वर्षं आणि एलकेएची पाच वर्षं एकाच दिवशी सुरू झालेली असतील असं नाही. पोर्टलवर दोन्ही तारखा वेगवेगळ्या तपासा.

तुमच्या हातात शेवटचं क्वार्टर असेल तर त्यातून जास्तीत जास्त ६, प्रत्यक्षात ४ धरा. पण ते टाळू मात्र नका. ६०० पैकी किमान ५०० प्रश्न उघडावेच लागतात. तीन क्वार्टर बुडाली तर ९० गेले, अजून चालतं. चौथं बुडालं की मर्यादा ओलांडली. आणि प्रश्न उघडून ठेवून पेजरकडे धावू नका. चार मिनिटांचं घड्याळ थांबत नाही. जादा वेळ मिळतो तो वर्षाला एकूण ३० मिनिटं.

सीएमई_समिती
सीएमई का धरले नाहीत, तर सीएमई आणि एमओसी (सर्टिफिकेट चालू ठेवण्याचा कार्यक्रम, तुमचे १०० पॉइंट याचेच) या दोन वेगळ्या नोंदी आहेत. सीएमईचं कॅटेगरी १ चं क्रेडिट आपोआप एमओसी होत नाही. आयोजकाने तो कार्यक्रम एमओसीसाठी नोंदवलेला हवा, त्यात शिकणाऱ्याची काहीतरी तपासणी हवी (प्रश्न, केस, लेखी उत्तर) आणि पूर्ण करणाऱ्यांची यादी आयोजकानेच एसीसीएमईच्या (सीएमई आयोजकांना मान्यता देणारी संस्था) पार्स या नोंदणी प्रणालीत चढवायला हवी. सर्टिफिकेटची पीडीएफ तुमच्याकडे असून उपयोग नाही. हॉस्पिटलच्या ग्रँड राउंड्स (नियमित व्याख्यानं) बहुतेक वेळा इथेच अडकतात: सही होते, तपासणी होत नाही.

झालेल्या कार्यक्रमांची यादी काढून प्रत्येक आयोजकाला विचारा, ‘हा एबीआयएम एमओसीला नोंदवला होता का?’ असेल तर तुमचा एबीआयएम नंबर, जन्मतारीख आणि आडनाव जुळतंय का ते बघायला सांगा. लग्नाआधीचं आडनाव एकीकडे आणि नंतरचं दुसरीकडे, या घोळात आपल्याकडच्या कितीतरी जणींच्या नोंदी लटकतात.

नवीन शोधायचं तर एसीसीएमईची ‘सीएमई पासपोर्ट’ ही साइट मोफत आहे. बोर्ड निवडून गाळणी लावली की फक्त एमओसीवाले कार्यक्रम दिसतात.

रात्रपाळी
नाइटवाल्यांसाठी अपटुडेट (ऑनलाइन वैद्यकीय संदर्भकोश) सगळ्यात सोयीचं. एका शोधाला अर्धं क्रेडिट, म्हणजे ४० शोधांचे २० पॉइंट, आणि पेशंटसाठी वाचायचं तर असतंच. अट एवढीच की स्वतःच्या नावाने लॉगिन करून शोधायचं. वॉर्डातल्या कॉम्प्युटरवर हॉस्पिटलच्या नेटवर्कवरून नुसतं उघडलं तर तुमच्या खात्यावर काहीच जमा होत नाही. हॉस्पिटलमार्फत खातं असेल तर दर ९० दिवसांत एकदा तिथल्या नेटवर्कवरून लॉगिन करावं लागतं, नाहीतर बाहेरून ते बंद पडतं. जमलेली क्रेडिट खात्यात जाऊन वठवावी लागतात, तेव्हा एबीआयएम नंबर द्या. लॉगिन करून वाचायची सवय असेल तर कदाचित बरीच आधीच पडून असतील, आजच बघा.

३८ मधून एलकेएचे ४ आणि हे २० गेले की उरलेले १४ एमकेसॅपसारख्या प्रश्नसंचातून काढा.

ओहायोकर
पडून आहेत खरंच! वठवतो. पण दोन सर्टिफिकेटं असलेल्यांना १०० दोनदा लागतात का? बायकोचं एंडोक्रिनही आहे.

किडनीवाला
नाही. तेच पॉइंट दोन्हीकडे धरले जातात. परीक्षा किंवा एलकेए मात्र प्रत्येक सर्टिफिकेटची वेगळी. आणि १०० झाले म्हणून पुढे ढकलू नका: दर दोन वर्षांत थोडे तरी पॉइंट हवेत, नाहीतर सार्वजनिक नोंदीत ‘एमओसीत सहभागी नाही’ असं झळकतं. हॉस्पिटलात डॉक्टरांची पात्रता तपासणारे क्रेडेन्शियलिंगवाले नेमकं तेच बघतात.

सदाशिव_पेठ_रिटर्न
मी पुण्यातून सर्टिफिकेट चालू ठेवतोय. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचे क्रेडिट तास इथल्या नोंदणीच्या नूतनीकरणाला चालतात, एबीआयएमला नाही. एनबीपीएएस या दुसऱ्या, पर्यायी बोर्डाचा विषय कुणी काढला नाही अजून: २४ महिन्यांत ५० तास सीएमई, पुन्हा परीक्षा नाही. मला पटतो. पण मूळ सर्टिफिकेट एबीएमएस किंवा एओए या संस्थांखालच्या बोर्डाचंच (एबीआयएम एबीएमएसमध्ये येतं) असावं लागतं, आणि सगळी हॉस्पिटलं व विमा कंपन्या तो मानत नाहीत. एबीआयएम सोडण्याआधी हॉस्पिटलच्या बायलॉजमध्ये काय लिहिलंय ते मेडिकल स्टाफ ऑफिसकडून लेखी घ्या.

सीएमई_समिती
एक राहिलं. कार्यक्रम ३० डिसेंबरला पूर्ण करू नका. आयोजकाची यादी चढवणारी व्यक्ती नाताळच्या सुट्टीवर असते. थँक्सगिव्हिंगपर्यंत (नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा) संपवा आणि पोर्टलवर आकडा दिसेपर्यंत त्यांच्या मागे लागा.