आठवीसाठी शाळा बदलायची आहे, मुलाला डिस्लेक्सिया आहे (ठाणे/नवी मुंबई), मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचतेय, आज पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

आम्ही कळव्यात राहतो. मुलगा सातवीत आहे, मराठी माध्यम, आणि आत्ताची शाळा सातवीपर्यंतच असल्यामुळे जूनमध्ये शाळा बदलणं भागच आहे. चौथीत टेस्ट केली होती, डिस्लेक्सिया (म्हणजे वाचायला-लिहायला जड जातं) आणि लक्ष टिकत नाही असा रिपोर्ट आला. बुद्धी चांगली आहे असंही त्यातच लिहिलंय पण ते पान कोणी वाचतच नाही. ह्यांचं इलेक्ट्रिकचं छोटं दुकान आहे, तिथे बसून हा मिक्सरचे झिजलेले कार्बन ब्रश बदलतो, सिरीज पॅरलल काय असतं ते मला तोंडी समजावून सांगतो आणि पेपरात त्याच प्रश्नाखाली दीड ओळ. रफार कुठल्या अक्षरावर द्यायचा हे अजून नक्की नाही, 'वर्ग' लिहिताना तो कायम व च्या डोक्यावर. फळ्यावरचं उतरवताना तिसऱ्या ओळीला पोचतो तोवर फळा कोरा. घरी वही उघडली की रोज तेच, "पुसलं गं त्यांनी". सासूबाई म्हणतात लिहायचा कंटाळा आहे, आमच्या दीरांनाही होता म्हणे. (असेलही, दीरांची टेस्ट कोणी केली नाही.)

आत्तापर्यंत तीन शाळा बघून झाल्यात, नावं नाही लिहीत.

एक ठाणे स्टेशनजवळची जुनी अनुदानित मराठी शाळा. फी नाहीच म्हणा. मुख्याध्यापिका बाई खरंच प्रेमाने बोलल्या पण एका वर्गात पासष्ट मुलं आणि स्पेशल एज्युकेटर (अशा मुलांना शिकवणाऱ्या खास शिक्षिका) कोणी नाही. वर म्हणाल्या एक छोटीशी टेस्ट घेऊ मग बघू, तिथेच माझ्या पोटात गोळा आला.

दुसरी घोडबंदरची सीबीएसई. फी वर्षाला एक लाख चाळीस हजार, वर आठवीत एकदम इंग्रजी माध्यम. वेबसाइटवर रिसोर्स रूमचा (अशा मुलांना वेगळं शिकवायची खोली) मोठा फोटो आहे म्हणून मुद्दाम दाखवा म्हटलं, तर चावीच सापडेना. उघडली तेव्हा आत गॅदरिंगचे ड्रेस आणि एक कॅरम बोर्ड. शाळेच्या माणसाने तिथल्या तिथे कॅरमवरची धूळ पुसली!

तिसरी कोपरखैरणेला, सेमी इंग्लिश, वर्गात तिसेक मुलं, स्पेशल एज्युकेटर आठवड्यातून दोनदा येतात. आवडली. पण कळव्याहून ठाण्याला जा, तिथे ट्रान्स हार्बरची लोकल पकडा आणि हे सगळं बारा वर्षांच्या पोराने रोज. हे म्हणतात एवढी दगदग कशाला, सरळ एनआयओएस (घरी अभ्यास करून परीक्षा देता येणारी मुक्त शाळा) करू. मला घरी बसवायचं नाहीये त्याला, मित्र हवेत, डबा खायला कोणीतरी हवं ना.

तर अनुभव असलेल्यांनी प्लीज सांगा, एवढ्या लांब पाठवावं का? आणि शाळेला नेमकं काय विचारायचं?

प्रतिसाद १
ताई, पहिलं ते टेस्टचं. आठवीपर्यंत प्रवेश देताना मुलाची परीक्षा किंवा मुलाखत घेता येत नाही, आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्याचं कलम 13. पहिल्या वेळी 25 हजारांपर्यंत दंड आहे. शिवाय तुमची शाळा सातवीलाच संपते म्हणजे आठवीसाठी सरकारी किंवा अनुदानित शाळेत बदली मागायचा हक्क कलम 5 मध्ये आहे. अल्पसंख्याक शाळा असेल तर मात्र आरटीई लागू नाही, ते आधी बघून घ्या. भांडायला जाऊ नका, नुसतं "हे लेखी देता का" विचारा, पुष्कळदा तेवढ्याने काम होतं.

प्रतिसाद २
माझी मुलगी याच वाटेने गेली, आता कॉलेजला आहे. शाळा कुठलीही घ्या, डिस्लेक्सियाच्या दाखल्याचं काम आजच सुरू करा. खाजगी रिपोर्टवर बोर्डाच्या सवलती मिळत नाहीत, सरकारी हॉस्पिटलचा लागतो. सायन हॉस्पिटलला एलडी (शिकण्यातल्या अडचणींचं) क्लिनिक आहे, कळव्याहून स्लो लोकल थेट जाते. दहावीला तासाला वीस मिनिटं जादा आणि लेखनिक (मूल सांगेल ते पेपरात लिहिणारा) मिळतो, लेखनिक खालच्या इयत्तेतला हवा. आणि लेखनिकाला सांगून लिहिणं हे वेगळंच कसब आहे हो, आमचं पहिलं वर्ष त्यातच गेलं, ती भराभर बोलायची आणि समोरची पोरगी लिहायची थांबायची. म्हणून शाळेला विचारा, आठवी-नववीच्या चाचण्यांना लेखनिक देता का? दहावीलाच बघू म्हणाले तर उठा तिथून.

एनआयओएस वाईट नाही. वयाची चौदा पूर्ण लागतात, गणित न घेताही पाच विषय निवडता येतात, पाच वर्षांत नऊ वेळा बसता येतं. पण ती पुढची गोष्ट, आत्ता नाही.

प्रतिसाद ३
सगळं वाचलं पण पोरगं काय म्हणतंय ते कुठेच नाही.

धागाकर्ती
खूप खूप आभार, रात्री ह्यांना सगळं वाचून दाखवलं. टेस्टचं तर मला माहीतच नव्हतं. सायनला कधी बोलावतात ते उद्याच विचारते.

प्रतिसाद ३, तुमचं बरोबर आहे, लागलं जरा. काल विचारलं त्याला. म्हणाला ट्रेनचं काही नाही, अनाउन्समेंट ऐकू येते की, बोर्ड कशाला वाचायला लागतोय. आणि कोपरखैरणेच्या बाईंना त्याने भेटीतच विचारलं होतं म्हणे, मी ऑफिसात फॉर्म बघत होते तेव्हा, की तुम्ही फळा कधी पुसता. त्या म्हणाल्या पुढच्या तासाचे सर येईपर्यंत राहू देते आणि तुला मोबाइलवर फोटो काढून देईन.

सोमवारी पुन्हा जातेय, या वेळी चालू तास बघायला मागणार आणि लेखनिकाचं विचारणार. तोवर एकच सांगा, दुपारच्या शाळेसाठी बारा-सव्वाबाराच्या ट्रान्स हार्बरला ठाण्याहून कोणाची मुलं जातात का? पहिला महिनाभर सोबत हवी आहे.