मदत हवी आहे: सावल्या उजळताना केसांभोवती पांढरी कड येते

खिडकीसमोर बसलेल्या व्यक्तीचा फोटो आहे, ४०००×३००० पिक्सेल, ८ बिट जेपेग. रॉ फाइल (कॅमेऱ्याची मूळ, प्रक्रिया न केलेली फाइल) नाही आणि फोटो पुन्हा काढता येणार नाही. हिस्टोग्रामवर (उजेडाचा आलेख, ० काळा ते २५५ पांढरा) चेहरा २० ते ६० मध्ये दबलाय, खिडकी २५० च्या पुढे. गिंप २.१० (फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर) वापरतोय.

ब्राइटनेस +५० केलं तर काळे केस राखाडी होतात. लेव्हल्समध्ये गॅमा (मधल्या टोनचा उजेड) १.६ ठेवला की चेहरा दिसतो, पण सपाट, पिठूळ. कर्व्हजमध्ये (टोन वक्ररेषेने बदलायचं साधन) ४५ चा बिंदू ८५ वर नेला आणि १८० जागेवर अडकवला. चेहरा छान उठला, मधले टोन चेपले आणि मागच्या अंधाऱ्या भिंतीवर पट्टे आले. आधी १६ बिट करूनही फरक नाही (साहजिक आहे, मुळात माहितीच ८ बिटांची).

आता उजळलेल्या लेयरवर फोटोच्या उलट्या ग्रेस्केल प्रतीचा मास्क लावलाय (मास्क पांढरा तिथे लेयर दिसतो, काळा तिथे लपतो), म्हणजे फक्त सावल्या उजळतील. मास्कला गॉसियन ब्लर (धूसर करणारा फिल्टर) १० पिक्सेल दिला तर चेहऱ्यातला कॉन्ट्रास्ट मरतो, ६० दिला तर केसांभोवती कड उमटते. हाताने मास्क रंगवणं नको, सुटे केस फार आहेत.

मास्कवर सिलेक्टिव्ह गॉसियन ब्लर (ठळक कडा सोडून बाकी धूसर करणारा) वापरला तर रेडियस आणि मॅक्स डेल्टा (किती फरकापर्यंतचे शेजारचे पिक्सेल मिसळायचे ती मर्यादा) साधारण किती ठेवावा?