अंगणवाडीच्या आहाराबद्दल आईला कोणी विचारायचे?

धागालेखक : रानवारा

अंगणवाड्या ज्या योजनेतून चालतात ती एकात्मिक बालविकास सेवा योजना 2 ऑक्टोबर 1975 रोजी सुरू झाली. तेव्हापासून मुलांचे वजन, उंची आणि हजेरी टिपण्याची मोठी यंत्रणा उभी राहिली, आणि 2021 पासून हे सारे पोषण ट्रॅकर या सरकारी मोबाइल ॲपवर भरले जाऊ लागले. परंतु घरपोच आहाराचे शिरा-उपम्याचे पाकीट मूल आवडीने खाते की ते गोठ्यात जाते, हे आईला नेमाने विचारण्याची रीत मला आमच्या तालुक्यात तरी आढळली नाही. करोनाच्या काळात पाकिटांऐवजी गहू, हरभरा, मसूर डाळ असा कोरडा शिधा मिळाला, तेव्हा तो आमच्या वस्तीत घरोघरी शिजला. त्यातूनच काही शिकता आले असते.

अन्नसुरक्षा कायदा, 2013 याच्या कलम 28 मध्ये सामाजिक लेखापरीक्षणाची, म्हणजे योजना कशी चालते हे लोकांच्या सहभागाने तपासण्याची, तरतूद आहेच. तिचा आधार घेऊन शेजारच्या गावातील बचत गटाच्या बायकांनी वर्षातून दोनदा घरोघरी जाऊन विचारावे आणि ऐकलेले ग्रामसभेत वाचून दाखवावे, असे माझे मत आहे. हे काम सेविकेकडे नसावे, कारण जिच्या हातून आहार घ्यायचा तिच्याच तोंडावर त्याला नावे कोण ठेवील?

प्रतिसाद : निवृत्त मुख्यसेविका

हेतू चांगला असला तरी मी या सूचनेच्या विरोधात आहे. पाकिटात काय असावे, ते कोणी पुरवावे आणि कधी पोहोचावे, यांपैकी काहीही सेविका ठरवत नाही. तरीही ग्रामसभेत रोष निघतो तो समोर बसलेल्या तिच्यावरच. 1 जुलै 2025 पासून घरपोच आहारासाठी लाभार्थीच्या चेहऱ्याची पडताळणी सक्तीची झाली, तेव्हा यंत्राने चेहरा ओळखला नाही की आई भांडली ती सेविकेशी, ज्यांनी नियम केला त्यांच्याशी नव्हे. शिवाय मदतनीसाच्या जागेवर कोणाची सून बसवायची, याचे गावातील राजकारण तुम्हाला ठाऊक नसेल असे वाटत नाही. तक्रारीचा कागद हाती आला की त्याचे हत्यार व्हायला वेळ लागत नाही. 2021 मध्ये सेविकांनी कामासाठी मिळालेले मोबाइल निषेध म्हणून शासनाला परत केले आणि 4 डिसेंबर 2023 पासून त्या संपावर गेल्या. त्यांचे म्हणणे ऐकून घेण्याची सोय आधी करा.

प्रतिसाद : आकडेमोड

दोघांचेही म्हणणे ऐकीव अनुभवांवर उभे आहे. ग्रामसभेत चार बोलक्या बायका बोलतात आणि उरलेल्या गप्प बसतात. त्यापेक्षा नोंदणीतील माता चिठ्ठ्या टाकून निवडाव्यात, त्यांना जिल्ह्याबाहेरून दूरध्वनी करावा आणि नाव गुप्त ठेवून चार ठरावीक प्रश्न विचारावेत. त्यातून दोन तालुक्यांची तुलना तरी करता येईल.

प्रतिसाद : रानवारा

आकडेमोड, नोंदणीतला क्रमांक बहुतेक वेळा नवऱ्याचा असतो आणि तो दिवसभर कामावर असतो. मेळघाटातल्या धारणी-चिखलदऱ्यातली आई घरात कोरकू बोलते. अनोळखी आवाजाने प्रमाण मराठीत विचारले तर ती 'हो' म्हणून मोकळी होईल. चिठ्ठ्या टाकून घरे निवडण्याची सूचना मात्र मला मान्य आहे.

मुख्यसेविकाताई, तुमचा आक्षेप खरा आहे, आणि माझ्या मांडणीत ती उणीव होती. अंगणवाडी वेळेवर उघडते का, वजन नीट घेतले जाते का, हे गावातले प्रश्न. पाकिटाची चव आणि रखडलेला पुरवठा हे वरचे. दोन्हींचे कागद वेगळे ठेवावेत, आणि वरच्या प्रश्नांना बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांनी पुढच्या ग्रामसभेपूर्वी लेखी उत्तर द्यावे. आरोग्यसेवांच्या बाबतीत राज्यात 2007 पासून लोकाधारित देखरेख, म्हणजे सेवांवर गावकऱ्यांनीच लक्ष ठेवण्याची पद्धत, सुरू झाली आणि तिच्या जनसुनवायांत, म्हणजे तक्रारी मांडण्याच्या जाहीर सभांत, अधिकाऱ्यांनी लोकांसमोर उत्तरे दिली आहेत. त्यामुळे मी काही अघटित मागत नाही.

प्रतिसाद : निवृत्त मुख्यसेविका

कागद वेगळे होणार असतील तर माझा विरोध निम्मा उरतो. उरलेला निम्मा त्या लेखी उत्तरासाठी राखून ठेवते, कारण माझ्या नोकरीत मी वर पाठवलेल्या पत्रांच्या पोचपावत्या पुष्कळ आहेत, उत्तरे मात्र नाहीत. आणखी एक अट आहे : त्याच फेरीत, त्याच बायकांनी, सेविका आणि मदतनीस यांनाही विचारावे आणि त्यांचा कागदही ग्रामसभेत वाचला जावा.