दूध बिलाच्या पेमेंट प्रोटोकॉलला सीबॉर घ्यावं की जेसन?

शाहूपुरीकर
केंद्रावर दूध मापलं, फॅट-एसएनएफ (स्निग्धांश आणि इतर घनपदार्थ) लागलं, की त्या पावतीवर तिथल्या यंत्राचीच डिजिटल सही व्हावी आणि दहा दिवसांचं बिल त्या सह्या तपासूनच उत्पादकाच्या खात्यात जमा व्हावं, असा छोटा प्रोटोकॉल आम्ही कोल्हापुरात लिहितोय. मधे कुणी आकडा फिरवला तर सही जुळणार नाही, हा त्याचा गाभा. अडचण रेंजची आहे. गगनबावडा, शाहूवाडीकडं पावसाळ्यात नेट गेलं की पावती एसएमएसनंच पाठवावी लागते.

माझं मत स्पष्ट आहे: संदेश जेसनमध्ये (वाचता येणाऱ्या मजकुरात) नको, काटेकोर नियमांच्या सीबॉरमध्येच (तीच माहिती थेट मोजक्या बाइटमध्ये) बांधावेत. जेसनमध्ये ४१२.३५ रुपये हे ४१२.३५, ४१२.३५० किंवा ४.१२३५ई२ असं कसंही लिहा, तिन्ही वैध. फील्डचा क्रम बदला, मधे स्पेस घाला, तरी वैध. पण सही अर्थावर होत नाही, बाइटवर होते. एक बाइट हलला की सही खोटी आणि शेतकऱ्याचं बिल अडकलं. सीबॉरच्या आरएफसी ८९४९ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात (२०२०) यासाठी नियमच दिलेत: पूर्णांक सर्वांत आखूड रूपात, फील्ड बाइटच्या क्रमानं, लांबी आधीच सांगितलेली. रक्कम पैशांत धरली तर ४१२३५ चे बाइट हेक्समध्ये (सोळाच्या पायावर) १९ ए१ १३. दुसरं रूप चालतच नाही.

करवीर_कोअरबँकिंग
विरोध नोंदवते. मी एका सहकारी बँकेच्या आयटी विभागात आहे. बिलावरून वाद झाला की सचिव, उत्पादक आणि लेखापरीक्षक तिघंही काउंटरला येतात. त्या वेळी लॉग उघडून मला ओळ वाचता आली पाहिजे. यूपीआय २०१६ मध्ये आलं ते एक्सएमएल या टॅग लावलेल्या मजकूर-रूपावर, एक्सएमएल सहीसकट. आरटीजीएस २०१३ पासून आयएसओ २००२२ या बँक-संदेशांच्या मानकावर आहे, तेही एक्सएमएलच. तुमचं सीबॉर बँकेच्या दारात आलं की त्याचं शेवटी एक्सएमएलच करायचं.

आणि क्रम-स्पेसचीच काळजी असेल तर जेसनला एकच रूप देणारी आरएफसी ८७८५ आहे. रक्कम पूर्णांक पैशांत घ्या, मिटलं. उद्या तुमच्यातले दोघं पुण्याला गेले तर जेसन सांभाळणारं पोरगं इथं मिळेल. सीबॉरवालं कुठून आणायचं?

गोकुळ_शिरगाव_बोर्डवाला
ताई, सीबॉर वाचता येईल अशा मजकुरात दाखवायची ठरलेली पद्धत आहे, छोटं टूल पुरतं. पण बोर्डची मेमरी कुठून वाढवू? फॅट मशीनला जोडायचे बोर्ड आम्ही बनवतो. आरएफसी ८७८५ म्हणते आकडे जावास्क्रिप्टच्या नियमानं छापा, फील्डची नावं यूटीएफ-१६ या अक्षर-संकेताच्या क्रमानं लावा. ब्राउझरला हे आयतं मिळतं, बोर्डवर आपणच लिहायचं आणि आपणच तपासायचं.

एसएमएसचा हिशोब बघा. एकात १४० बाइट. एड२५५१९ या पद्धतीची सही ६४ खाते. राहिले ७६, त्यात सभासद क्रमांक, तारीख, सत्र, लिटर, फॅट, एसएनएफ, दर, रक्कम बसवायचं. जेसनमध्ये नुसत्या फील्डच्या नावांनीच जागा भरते. सीबॉरमध्ये नावाऐवजी १, २, ३, एकेक बाइटात.

शिवाजीपेठ_स्विचवाला
माझी नोकरी एटीएम स्विचवर (व्यवहार त्या-त्या बँकेकडं वळवणाऱ्या यंत्रणेवर) झाली, आयएसओ ८५८३ या कार्ड-व्यवहारांच्या मानकावर. १९८७ चं मानक. रकमेचं चौथं फील्ड बारा अंकी, दशांश चिन्ह नाहीच. चलन ४९ व्या फील्डमध्ये, रुपयाला ३५६. तेव्हा पूर्णांकाचा वाद सोडा पोरांनो, तो केव्हाच निकालात निघालाय. आमचा जीव घेतला तो खासगी वापरासाठी मोकळ्या ठेवलेल्या फील्डनी. प्रत्येकानं त्यात आपलं काहीतरी भरलं आणि दोन स्विच जोडताना त्याचाच उलगडा करत बसावं लागायचं. तुमचा 'दर' लिटरमागं आहे की फॅटच्या पॉइंटमागं, हे आधी कागदावर उतरवा.

करवीर_कोअरबँकिंग
काकांचं पटलं. आता शाहूपुरीकरांनी याचं उत्तर द्यावं. केंद्राचं नाव 'दऱ्याचे वडगाव'. यातला 'ऱ्या' युनिकोडमध्ये तीन तऱ्हांनी येतो: एकसंध ऱ आणि हलन्त, र, खाली नुक्ता आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि डोळ्याला न दिसणारं जोडचिन्ह झेडडब्ल्यूजे. पडद्यावर तिन्ही सारखे, बाइट वेगळे. नॉर्मलायझेशननं (समान अक्षरांना एकच रूप देऊन) पहिले दोन एक होतात, तिसरा वेगळाच राहतो. सीबॉरचे नियम मजकुराच्या आत बघतच नाहीत. मग 'एका अर्थाला एकच रूप' कुठं राहिलं?

शाहूपुरीकर
रास्त आहे. म्हणून सही केलेल्या भागात मराठी मजकूर ठेवूच नये. तिथं फक्त केंद्राचा आणि सभासदाचा क्रमांक. नाव यादीतून काढून पावतीवर छापायचं. शिवाय आलेले बाइट जसेच्या तसे साठवायचे. उलगडून पुन्हा बांधून सही तपासायची नाही.

करवीर_कोअरबँकिंग
बाइट जपणारच असाल तर काटेकोर रूप हवंच कशाला? आरएफसी ७५१५ ची जेडब्ल्यूएस पद्धत हेच करते: जेसन जसं असेल तसं बेस६४ मध्ये (बाइट साध्या अक्षरांत लिहून) गुंडाळायचं आणि त्यावर सही.

शाहूपुरीकर
बेस६४ नं आकार एक तृतीयांश वाढतो, ७६ बाइटच्या हिशोबात ते परवडत नाही. दुसरं म्हणजे एकच पावती एसएमएसनंही येते आणि रेंज आली की नेटनंही. सहीसकट सगळ्या बाइटचा हॅश (त्या बाइटवरून गणितानं निघणारा ठसा) हाच आमचा व्यवहार क्रमांक. रूप ढिलं ठेवलं तर वाटेतलं एखादं सॉफ्टवेअर तीच पावती नव्यानं बांधेल आणि हॅश दोन होतील. बिटकॉइनमध्ये नेमकं हे घडलेलं आहे: सहीचं डीईआर हे बाइटमधलं रूप सैलपणे स्वीकारलं जायचं, त्यामुळं किल्ली नसलेला तिसराही बाइट बदलू शकायचा. व्यवहार तोच, क्रमांक वेगळा. २०१५ मध्ये बीआयपी ६६ या नियम-बदलानं काटेकोर डीईआर सक्तीचं केलं आणि ती वाट बंद झाली.

करवीर_कोअरबँकिंग
दुबार पेमेंट हॅशवरून कशाला ओळखता? केंद्र, तारीख, सत्र, सभासद हे चार धरले की झालं.

गोकुळ_शिरगाव_बोर्डवाला
नाही होत ताई. एकच माणूस सकाळी गाईचं आणि म्हशीचं दोन्ही घालतो. म्हशीचं दोन कॅनमध्ये आणलं तर पावत्या आणखी वाढतात.

करवीर_कोअरबँकिंग
मग यंत्राचा अनुक्रमांक टाका, सहीच्या आत. तो मला वाचता येतो, हॅश येत नाही. यंत्र ते दूध संस्था सीबॉर ठेवा, एसएमएसच्या हिशोबापुढं माझं म्हणणं टिकत नाही. पण बँकेकडं आयएसओ २००२२ चंच एक्सएमएल यायला हवं, आणि त्यात तुमचे मूळ बाइटही बेस६४ करून जोडलेले हवेत. नाहीतर सीबॉरचं एक्सएमएल करणाऱ्या सर्व्हरवर कुणी आकडा बदलला तर मला कळणार कसं? त्या सर्व्हरची जबाबदारी कोण घेणार, हे लेखी येईपर्यंत माझा विरोध कायम आहे.

शाहूपुरीकर
अनुक्रमांक आजच मसुद्यात घेतो. सर्व्हर संस्थेकडं ठेवायचा की दूध संघाकडं, यावर आमच्यातच एकमत नाही.