विषय: मुलांचं कला-डिझाइन प्रदर्शन आणि तो पसारा

नमस्कार मंडळी,
मुलाच्या शाळेत कला आणि डिझाइनचं प्रदर्शन भरतंय. मांडणीला हात लावायला गेलो, तर पुठ्ठ्याची एक छान खुर्ची आणि तिच्याशेजारी खाडाखोड केलेले कागद, चिकटपट्टीचे तुकडे, वर एक मोडका पाय! मी ते आवरायला घेतलं, तर कलाशिक्षिकांनी थांबवलं. पाहुण्यांपुढे चांगलं तेवढंच ठेवावं ना? की मीच जुन्या वळणाचा?

———

दादा, बाईंनी अडवलं ते योग्यच केलं.
चित्र भिंतीवर एकटं उभं राहतं. डिझाइनचं तसं नसतं. ती वस्तू कुणासाठी केली, कशाची केली, किती वजन पेलायला हवं होतं, हे कळलं नाही तर खुर्ची ही नुसती खुर्चीच. पन्हळी पुठ्ठ्याच्या (खोक्यांचा असतो तो) आतल्या पन्हळी, म्हणजे नागमोडी घड्या, उभ्या ठेवल्या की तो चांगलं वजन पेलतो, आडव्या ठेवल्या की लवकर मुडपतो. त्या मोडक्या पायाच्या पन्हळी बघून या. बहुतेक आडव्या निघतील. पोरगं काय शिकलं ते तिथे लिहिलेलं आहे, खुर्चीवर नाही.

परीक्षकही असंच बघतात. इंग्लंडमधल्या जीसीएसईच्या (तिथली साधारण सोळाव्या वर्षीची शालेय परीक्षा) कला-डिझाइन विषयात चार निकष आहेत, प्रत्येकी २५ टक्क्यांचे: कल्पना वाढवणं, साहित्य व तंत्र यांचे प्रयोग करून काम सुधारत नेणं, निरीक्षणं टिपणं आणि शेवटची कृती. म्हणजे तुम्ही ज्याला पसारा म्हणता, त्यालाच तीन हिस्से!

———

ताईंशी सहमत, पण अर्धाच. कच्च्या कामाची सगळी वही भिंतीवर चिकटवली की कुणी काही वाचत नाही. जिथे विचार बदलला, ती दोन-तीन पानं लावावीत. निवड मुलांनीच करावी आणि कामाशेजारच्या माहितीच्या पट्टीवरचा मजकूरही त्यांचाच असावा. ‘विविध माध्यमांचा सर्जनशील वापर’ असलं काही मोठ्यांनी लिहून देऊ नये, प्लीज. ‘पाय दोनदा मोडला, म्हणून पुठ्ठा फिरवला’ हे शंभरपट बरं.

आणि ‘किती सुंदर!’ म्हणून पुढे सरकू नका. ‘आधी कसं होतं?’ एवढं विचारा, मूल थांबतच नाही.

मांडणीचं थोडं: चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण १४५ ते १५० सेंटिमीटरवर, ही संग्रहालयांतली नेहमीची उंची मोठ्यांच्या डोळ्यांना धरून आहे. बघणारे लहान वर्गांतले असतील तर खाली घ्या. जलरंगांची आणि स्केचपेनची कामं उन्हाच्या खिडकीसमोर लावू नका, रंग उडतात. कागदावरच्या कामांसाठी संग्रहालयं प्रकाश सुमारे ५० लक्सवरच (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक), म्हणजे बराच मंद ठेवतात. शाळेत तेवढा अंधार नको, पण पडदा ओढायला काय जातं?

———

पडद्याचं आणि उंचीचं आजच कळवतो. पट्ट्या मुलांकडूनच लिहून घ्यायच्या, हेही बाईंना विचारून बघतो. माझा मात्र एक आग्रह कायम: चिकटपट्टीचे सुटे तुकडे तरी झाडून टाकू द्या!