मदत हवी आहे: व्हर्च्युअल मशीनच्या प्रतींवर क्लाउड-इनिट काहीच करत नाही

घाईत_आहे:
एका मूळ मशीनच्या चार प्रती काढल्या. मूळ मशीनवर क्लाउड-इनिटने (पहिल्यांदा सुरू होताना मशीनची मांडणी आपोआप करणारे साधन) वापरकर्ता, टाइमझोन, पॅकेजेस हे सर्व बिनचूक केले होते. प्रतींवर मात्र नवा वापरकर्ता तयार होत नाही आणि चारही प्रतींना डीएचसीपीकडून (नेटवर्कवर पत्ते वाटणारी सेवा) एकच आयपी पत्ता मिळतो. युजर-डेटा (क्लाउड-इनिटला दिलेल्या सूचनांची फाइल) दहा वेळा तपासला आहे. कृपया लवकर सांगावे.

शून्य_प्रहर:
प्रणाली कोणती, युजर-डेटा मशीनपर्यंत कसा पोहोचवता आणि मेटा-डेटामध्ये (मशीनची ओळख सांगणारी फाइल) काय आहे, हे आपण लिहिलेलेच नाही.

प्लेबुकवाला:
हा खटाटोप सोडा आणि अन्सिबल (नेटवर्कवरून मशीनची मांडणी करणारे साधन) वापरा. आम्ही कित्येक वर्षे तेच करतो.

शून्य_प्रहर:
चौघांचा पत्ता एकच असताना अन्सिबल नेमके कोणाचे दार ठोठावणार?

निळा_पडदा:
प्रत काढण्यापूर्वी विंडोजचे सिसप्रेप हे साधन 'जनरलाइज' पर्यायासह चालवावे, म्हणजे विंडोज नवीन एसआयडी (मशीनची ओळख) तयार करते.

घाईत_आहे:
विंडोजचा संबंध नाही. उबुंटू 22.04 आहे. प्रत्येक प्रतीला 'सीआयडेटा' लेबलची वेगळी आयएसओ (डिस्कसारखी जोडता येणारी फाइल) जोडतो. तिच्यात युजर-डेटा बदलतो, मेटा-डेटा अर्थातच तोच ठेवतो.

प्लेबुकवाला:
मग सर्व आज्ञा युजर-डेटातील बूटसीएमडी या भागात टाका. तो भाग दर वेळी चालतो.

शून्य_प्रहर:
दर वेळी चालतो म्हणूनच टाकू नये. पुढच्या रीबूटला 'हा वापरकर्ता आधीच आहे' अशी त्रुटी येईल. दोष त्या 'अर्थातच'मध्ये आहे. मेटा-डेटातील इन्स्टन्स-आयडी (क्लाउड-इनिट ज्यावरून मशीन ओळखते ती खूण) मूळ मशीनचाच असल्यामुळे क्लाउड-इनिट प्रतीला नवे मशीन मानत नाही आणि एकदाच चालणारे भाग वगळते. लॉगमध्ये 'ऑलरेडी रॅन' असे शब्द शोधा.

घाईत_आहे:
'कॉन्फिग-रनसीएमडी ऑलरेडी रॅन' अशी ओळ सापडली. आयडी बदलल्यावर वापरकर्ता तयार झाला, परंतु आयपी पत्ता अजूनही सर्वांचा एकच आहे.

शून्य_प्रहर:
ती दुसरी ओळख आहे. उबुंटू सर्व्हरवर सिस्टिमडी-नेटवर्कडी ही नेटवर्क सेवा डीएचसीपीला मॅक पत्त्याऐवजी (नेटवर्क कार्डाचा पत्ता) मशीन-आयडी या फाइलवरून काढलेली खूण देते, आणि ती फाइल प्रतीबरोबर जशीच्या तशी आली आहे. मूळ मशीनवर 'क्लाउड-इनिट क्लीन' या जुन्या खुणा पुसणाऱ्या आज्ञेला लॉग्ज आणि मशीन-आयडी हे दोन्ही पर्याय देऊन चालवा, मशीन बंद करा आणि पुन्हा सुरू न करता प्रती काढा. निळा_पडदा यांची दिशा बरोबर होती, प्रणाली तेवढी चुकली.

घाईत_आहे:
चार प्रती, चार पत्ते. मधे एकदा सवयीने मूळ मशीन सुरू केले, त्यामुळे सर्व पुन्हा करावे लागले.